‘डिसेबल्ड’ की ‘नॉट अव्हेलेबल’? जुन्या डेस्कटॉपचं ग्राफिक्स कार्ड तपासताना

आमच्या परळच्या इमारतीत कुणाचा कॉम्प्युटर रुसला की माझ्या दारावर थाप पडते. मी काही हार्डवेअरवाला नाही. फुकट येतो आणि दुसऱ्या मजल्यावर राहतो, एवढीच माझी पात्रता. गेल्या वर्षी गणपती झाल्यावर चौथ्या मजल्यावरच्या काकांनी बोलावलं. त्यांचा डेस्कटॉप २०१२ सालचा, विंडोज १० वर चालणारा. मुलीने कॉलेजसाठी थ्रीडी ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर टाकलं होतं आणि ते उघडल्या उघडल्या कुरकुरत होतं, हार्डवेअर ॲक्सिलरेशन, म्हणजे चित्र काढायचं काम ग्राफिक्स कार्डाने उचलणं, मिळत नाही म्हणून. काकांची तक्रार वेगळीच. यूट्यूबवर नाटक लावलं की पात्रं अडखळत चालतात आणि संवाद पुढे निघून जातो. ओळखीच्या एका दुकानदाराने फोनवरच निकाल दिला होता, "काका, कार्ड उडालंय. नवीन टाकू आणि एकदा फॉरमॅट मारून घेऊ."

कार्ड उडालं नव्हतं. पण खरं कारण सापडायला मला पाऊण तास लागला आणि त्यातली चाळीस मिनिटं मी ड्रायव्हरमध्ये (विंडोज आणि कार्ड यांची बोलणी जुळवणारं सॉफ्टवेअर) डोकं घालून बसलो होतो, जिथे काही बिघडलेलंच नव्हतं. तुमची ती चाळीस मिनिटं वाचावीत म्हणून हा क्रम लिहितोय. यात कोडिंग वगैरे काही नाही. स्क्रूड्रायव्हर, खोडरबर आणि थोडा धीर पुरतो.

आधी कॉम्प्युटर काय म्हणतोय ते नीट वाचा

विंडोजची कळ आणि आर एकदम दाबा. कोपऱ्यात छोटी चौकट येईल. तिथे इंग्रजीत डी, एक्स, डी, आय, ए, जी ही सहा अक्षरं सलग लिहून एंटर मारा. हे विंडोजमधलंच तपासणीचं साधन आहे, कुठून उतरवून घ्यावं लागत नाही. उघडलं की वरच्या ‘डिस्प्ले’ टॅबवर जा. वर कार्डाचं नाव दिसेल आणि खालच्या अंगाला तीन ओळी: डायरेक्टड्रॉ ॲक्सिलरेशन, डायरेक्टथ्रीडी ॲक्सिलरेशन आणि एजीपी टेक्स्चर ॲक्सिलरेशन.

पहिली ओळ जुन्या पद्धतीच्या सपाट चित्रांची, दुसरी थ्रीडीची. तिसरीचं नाव ज्या एजीपी स्लॉटवरून पडलं तो इंटेलने १९९७ च्या सुमारास आणला आणि २००४ पासून पीसीआय एक्स्प्रेसने त्याची जागा घेतली. स्लॉट गेला, ओळ राहिली. आमच्याकडे गिरण्या गेल्या तरी पत्त्यांमध्ये ‘मिल’ राहिलीच ना, तसंच. तेव्हा तुमच्या मशीनमध्ये एजीपी नसतानाही ती ओळ दिसली तर गोंधळू नका.

आता महत्त्वाचं. या ओळींपुढे काय लिहिलंय? ‘एनेबल्ड’ असेल तर विंडोजच्या बाजूने सगळं ठीक आहे. ‘डिसेबल्ड’ म्हणजे सोय आहे, पण कुणीतरी किंवा कशानेतरी ती बंद केली आहे. ‘नॉट अव्हेलेबल’ म्हणजे विंडोजला ती सोय सापडतच नाही. एक तर ड्रायव्हर नाही, नाहीतर चित्र भलत्याच ठिकाणाहून येतंय. आणि चौथी गत अशी की तिन्ही ओळी ‘एनेबल्ड’ आहेत, तरी सॉफ्टवेअर म्हणतं जमणार नाही. तेव्हा बहुतेक वेळा ती करामत कार्डात मुळातच नसते.

बंद केलेलं, न सापडणारं आणि मुळात नसलेलं ही तीन वेगळी दुखणी आहेत आणि तिघांना औषधही वेगळं लागतं. दुकानात मात्र तिन्हींवर एकच औषध मिळतं, नवीन कार्ड. म्हणून त्या तीन ओळींचा मोबाइलने फोटो काढून ठेवा.

एक सूचना. ही तपासणी त्याच कॉम्प्युटरसमोर बसून करा. दुसरीकडून रिमोट डेस्कटॉपने आत शिरलात तर तिथे दिसणारं चित्र वेगळं असू शकतं.

वायर कुठे लागली आहे?

काकांच्या मशीनवर तिन्ही ओळींपुढे ‘नॉट अव्हेलेबल’ होतं आणि कार्डाच्या नावाच्या जागी ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले ॲडाप्टर’. मी लगेच ड्रायव्हर उतरवायला घेतला. तो बसेना, कार्ड सापडत नाही म्हणे. शेवटी काकूंनी चहा ठेवताना सहज सांगितलं, "गणपतीच्या साफसफाईत टेबल सरकवलं ना, तेव्हापासून हे. आधी स्क्रीनच काळी झाली होती. मग ह्यांनी वायर दुसऱ्या भोकात लावली, तर आली."

तिथेच उलगडा झाला. सरकवताना कार्ड स्लॉटमध्ये ढिलं झालं. मदरबोर्डला कार्ड दिसेना म्हणून त्याने स्वतःचं, प्रोसेसरमधलं ग्राफिक्स सुरू केलं. काकांनी मॉनिटरची निळी पिन कार्डातून काढून मदरबोर्डच्या निळ्या भोकात लावली. चित्र आलं, सगळे खूश. पण त्या ऑनबोर्ड ग्राफिक्सचा ड्रायव्हर कधी टाकलेलाच नव्हता आणि डेटा खातं म्हणून काकांनी अपडेट बंद करून ठेवलेले. मग विंडोजने स्वतःचा कामचलाऊ ड्रायव्हर लावला. हा ड्रायव्हर चित्र दाखवतो, पण ग्राफिक्सकडून काम करून घेत नाही. सगळं ओझं प्रोसेसरच्या डोक्यावर.

म्हणून पहिली पायरी हीच. ज्या डब्याला आपण सगळे सीपीयू म्हणतो त्याच्या मागे जा. उभ्या कॅबिनेटमध्ये वरच्या बाजूला उभ्या गठ्ठ्यात कीबोर्ड, यूएसबी, लॅन, आवाजाची भोकं असतात. ती मदरबोर्डची. त्याखाली आडव्या पट्टीत जी असतात ती कार्डाची. मॉनिटरची वायर खालच्या आडव्या पट्टीत हवी.

तिथे लावून स्क्रीन काळीच राहिली तर कॅबिनेट उघडावं लागेल. आधी कॉम्प्युटर बंद करा, भिंतीचं बटण बंद करा, प्लग काढा. मग एक क्षण कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला हात लावा, म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाईल. जुन्या चाळींत आणि इमारतींत आणखी एक गोष्ट बघावी लागते. चालू कॉम्प्युटरच्या डब्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर घरात अर्थिंग नाही किंवा तुटलंय. तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या कन्व्हर्टरमध्ये खुपसून वर्षानुवर्षं चालवणारी घरं मी पाहिली आहेत. तिथे कार्डाआधी इलेक्ट्रिशियनला बोलवा.

बाजूचा पत्रा काढलात की कार्ड दिसेल. मागचा स्क्रू सोडवा, स्लॉटच्या टोकाला एक छोटी क्लिप असते ती दाबा आणि कार्ड सरळ वर ओढा. हलवत, वाकवत काढू नका. खालच्या कडेला सोनेरी पट्ट्या दिसतील. मुंबईची हवा त्यांची वैरीण. पावसाळ्यात चार महिने दमट, समुद्राजवळच्या घरांत वर्षभर खारी, त्यामुळे पट्ट्यांवर काळपट थर बसतो. साधा पांढरा खोडरबर घ्या, हलक्या हाताने एकाच दिशेने चार-पाचदा फिरवा आणि कोरड्या सुती कापडाने भुसा पुसा. सँडपेपर नको, ओलं काही नको. पंख्यातली धूळ रंगाच्या मऊ ब्रशने काढा. तोंडाने फुंकलंत तर थुंकी उडते, हे सांगावं लागतं कारण सगळे फुंकतातच. पंखा बोटाने सहज फिरतोय का तेही बघा. अडकलेल्या पंख्याने कार्ड तापतं आणि मग स्क्रीन मधेच क्षणभर काळी होऊन ‘डिस्प्ले ड्रायव्हरने प्रतिसाद देणं थांबवलं’ असा निरोप येतो.

कार्डावरच्या छोट्या नळकांड्यांसारख्या कपॅसिटरांची डोकी सपाट हवीत. फुगलेली किंवा वर चिकट डाग असलेली दिसली तर पुढचं काही करू नका. ते काम दुरुस्तीवाल्याचं.

परत बसवताना सरळ दाबा, क्लिप टक्कन लागली पाहिजे. स्क्रू घट्ट करा. कार्डाच्या वरच्या कडेला सहा किंवा आठ पिनांचं सॉकेट असेल तर एसएमपीएसची, म्हणजे डब्यातल्या वीज पुरवणाऱ्या पेटीची, वायर तिथे लागलेली हवीच. स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात, सहा पिनांच्या वायरीने आणखी ७५, आठ पिनांच्या वायरीने १५०. ती वायर न लावता मोठं कार्ड चालेल ही आशा सोडा. काकांच्या कार्डासारख्या छोट्या कार्डांना मात्र ही वायर लागत नाही.

काकांचं काम इथेच झालं. कार्ड घट्ट बसवलं, वायर खाली लावली, जुना ड्रायव्हर आपोआप जागा झाला आणि तिन्ही ओळी ‘एनेबल्ड’. मुलीचं सॉफ्टवेअर चाललं. नाटक मात्र अजून अडखळतच होतं, त्याची गोष्ट शेवटी.

तीन व्होल्टचा सेल

कॉम्प्युटर चालू करताना दर वेळी तारीख जुनी दाखवतो का? मग मदरबोर्डवरचा सीआर२०३२ नावाचा नाण्याएवढा सेल संपलाय. हा सेल बायोसची, म्हणजे विंडोजच्याही आधी जागा होणाऱ्या मदरबोर्डच्या प्रोग्रामची, आठवण जपतो. तो गेला की भिंतीचं बटण बंद केल्यावर बायोसमधलं सगळं मूळ पदावर येतं, त्यात पहिलं ग्राफिक्स कोणतं हा पर्यायही आला. सेल घड्याळाच्या दुकानातही मिळतो. बदला आणि कॉम्प्युटर सुरू होताना डिलीट किंवा एफ२ दाबत राहून बायोसमध्ये शिरा. ‘प्रायमरी डिस्प्ले’, ‘इनिट डिस्प्ले फर्स्ट’ किंवा अशाच नावाच्या ओळीत पीसीआय एक्स्प्रेस निवडा. काही बोर्डांवर त्याला पीईजी म्हणतात. आयजीडी किंवा ऑनबोर्ड म्हणजे मदरबोर्डचं ग्राफिक्स. एफ१० ने सेव्ह करून बाहेर. बायोसमध्ये बाकी कशाला हात लावू नका.

डिव्हाइस मॅनेजरचे आकडे

स्टार्टच्या बटणावर उजवी क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडा आणि ‘डिस्प्ले ॲडाप्टर्स’ उलगडा. विंडोज ७ वर स्टार्टऐवजी ‘कॉम्प्युटर’वर उजवी क्लिक, मग मॅनेज. नावावर दोनदा क्लिक केलं की मधल्या चौकटीत विंडोज आपलं म्हणणं सांगतं, बहुधा आकड्यासकट.

कोड २२ म्हणजे कार्ड इथूनच कुणीतरी बंद केलंय. खरा ‘डिसेबल्ड’ हाच आणि सर्वांत स्वस्त दुखणंही हेच. उजवी क्लिक, एनेबल, संपलं. कोड २८ म्हणजे ड्रायव्हरच नाही. कोड ५२ म्हणजे ड्रायव्हरची डिजिटल सही विंडोजला पटत नाही. अपडेट न केलेल्या विंडोज ७ वर हा हमखास दिसतो, कारण नव्या पद्धतीची सही वाचायची सोय तिथे अपडेटमधूनच आली. कोड ४३ सगळ्यांत बदनाम. कार्डानेच तक्रार केली म्हणून विंडोजने ते थांबवलं, एवढाच त्याचा अर्थ. लोक कोड ४३ पाहिला की कार्ड मेलं समजतात. मेलेलं असू शकतं, पण चुकीचा ड्रायव्हर, ढिलं कार्ड आणि अशक्त एसएमपीएस यांनीही हाच आकडा येतो. ते तिन्ही तपासल्याशिवाय कार्डाला खांदा देऊ नका.

नावाच्या जागी ‘बेसिक डिस्प्ले ॲडाप्टर’ किंवा विंडोज ७ मध्ये ‘स्टँडर्ड व्हीजीए’ दिसलं तर कार्ड कोणत्या कंपनीचं ते असं ओळखा. ‘डिटेल्स’ टॅबमध्ये ‘हार्डवेअर आयडीज’ निवडा. लांबलचक ओळीत व्ही, ई, एन या अक्षरांनंतर चार अंक-अक्षरं असतात. १०डीई असेल तर एनव्हिडिया, १००२ असेल तर एएमडी किंवा जुनं एटीआय, ८०८६ असेल तर इंटेल. इंटेलने आपल्या १९७८ च्या प्रोसेसरचाच आकडा ओळखक्रमांक म्हणून घेतला, हौस बघा. तुमच्या डब्यात एनव्हिडियाचं कार्ड आहे आणि इथे फक्त ८०८६ दिसतंय, तर परत वायरीच्या पायरीवर जा.

ड्रायव्हर: नवा नव्हे, आपल्या कार्डाचा शेवटचा

सगळ्यांत जास्त लोक इथे फसतात. जुन्या कार्डाला सर्वांत नवा ड्रायव्हर लागत नाही. कंपनीने त्या पिढीसाठी काढलेला शेवटचा लागतो. त्याच्या पुढचा डाउनलोड करून बसवायला गेलात तर ‘सुसंगत हार्डवेअर सापडलं नाही’ असा निरोप येतो आणि आपण समजतो कार्डच बिघडलं.

एनव्हिडियाच्या ८०००, ९००० आणि २०० मालिकांतली कार्डं, म्हणजे एकेकाळी घरोघरी असलेलं ८४०० जीएस किंवा जीफोर्स २१०, डिसेंबर २०१६ च्या ३४२.०१ वर थांबतात. त्यानंतरची फर्मी पिढी, म्हणजे जीटी ४३०, जीटीएस ४५०, जीटी ६१०, मार्च २०१८ च्या ३९१.३५ वर. काकांचं कार्ड यातलंच. केप्लर पिढीतलं जीटी ७१० वगैरे ४७० च्या मालिकेवर. एएमडीची रेडिऑन एचडी ५००० आणि ६००० यांच्यासाठी कॅटॅलिस्ट १५.७.१ हा शेवटचा पक्का ड्रायव्हर, १६.२.१ आला, पण बीटा म्हणून.

जीटी ७३० हा खास मुंबईच्या बाजारात ऐकू येणारा प्रकार. या एकाच नावाने दोन वेगळ्या पिढ्यांची कार्डं विकली गेली. १२८ बिटवालं डीडीआर३ कार्ड फर्मी, ६४ बिटवालं केप्लर. खोक्यावर नाव तेच, ड्रायव्हर मात्र वेगळा. त्यामुळे खोक्यावर विसंबू नका. जीपीयू-झेड नावाचं छोटं मोफत साधन घ्या, ते आतल्या चिपचं नाव सांगतं. त्याच खिडकीत तळाशी ओपनसीएल, कूडा, डायरेक्टकॉम्प्यूट अशा कार्डाला काय काय येतं ते सांगणाऱ्या चौकटी असतात. कार्डाला येत असूनही त्या रिकाम्या दिसल्या तर ड्रायव्हर अर्धवट आहे. आणि ‘बस इंटरफेस’ची ओळही बघा. लेन म्हणजे स्लॉटमधून माहिती ये-जा करायच्या वाटा. सोळा लेनचं कार्ड एका लेनवर चालताना दिसलं तर ते नीट बसलेलं नाही किंवा पट्ट्या मळल्या आहेत. निष्क्रिय असताना कार्ड वीज वाचवायला वेग उतरवतं, पण लेनची संख्या सोळावरून एकवर येणं शंकास्पद.

बसवण्याची रीत अशी. आधी सिस्टिम रिस्टोअर पॉइंट बनवा, म्हणजे बिघडलं तर मागे फिरता येतं. योग्य ड्रायव्हर कंपनीच्या संकेतस्थळावरून उतरवून ठेवा. ‘एका क्लिकमध्ये सगळे ड्रायव्हर अपडेट’ असं सांगणाऱ्या फुकट सॉफ्टवेअरच्या वाटेला जाऊ नका, ती बाहेर काढायला मला जास्त वेळा बोलावणं येतं. मग इंटरनेटची वायर काढा किंवा वायफाय बंद करा, नाहीतर आपण जुना काढतोय तोवर विंडोज स्वतःच्या पसंतीचा टाकून मोकळं होतं. शिफ्ट दाबून धरत रीस्टार्ट करा, ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड, स्टार्टअप सेटिंग्ज असं जात ४ दाबून सेफ मोडमध्ये शिरा. तिथे डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर हे (आधीच उतरवून ठेवलेलं) साधन चालवून जुने अवशेष साफ करा, रीस्टार्ट करा आणि मग उतरवलेला ड्रायव्हर बसवा.

पुन्हा सुरू करताना शटडाउन नको, रीस्टार्टच. विंडोज १० मध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाउन म्हणजे अर्धी झोप असते, ड्रायव्हरची जुनी अवस्था तशीच जपली जाते. "दहा वेळा बंद-चालू केला" म्हणणाऱ्याने एकदाही खरा बंद केलेला नसतो.

दोन दिवसांनी दुखणं परत आलं तर विंडोज अपडेटने ड्रायव्हर बदलला असेल. सिस्टिम प्रॉपर्टीजच्या हार्डवेअर टॅबमध्ये ‘डिव्हाइस इन्स्टॉलेशन सेटिंग्ज’ आहे, तिथे ‘नो’ करा.

ड्रायव्हर बरोबर, तरी ‘डिसेबल्ड’

आता राहिले ते लपलेले स्विच. विंडोजची कळ आणि आर दाबून एमएसकॉन्फिग उघडा, ‘बूट’ टॅबमध्ये ‘बेस व्हिडिओ’वर खूण आहे का बघा. कधीतरी कुणीतरी दुरुस्तीसाठी लावलेली ती खूण वर्षानुवर्षं तशीच राहते आणि कॉम्प्युटर दर वेळी कामचलाऊ ड्रायव्हरवर उठतो. काढून टाका.

एक्सपी अजून वापरत असाल (एका टेलरच्या दुकानात बिलिंगला मी गेल्याच महिन्यात पाहिला), तर डिस्प्ले प्रॉपर्टीज, सेटिंग्ज, ॲडव्हान्स्ड, ट्रबलशूट या वाटेवर हार्डवेअर ॲक्सिलरेशनची सरकपट्टी आहे, ती उजवीकडे ‘फुल’वर न्या. एक्सपीत मघाच्या तपासणीच्या पानावरच तिन्ही ओळींशेजारी एनेबल-डिसेबलची बटणं होती. नंतरच्या विंडोजमधून ती गेली. विंडोज ७ मध्ये ती सरकपट्टी उरली, पण तिथे पोचायचं ‘चेंज सेटिंग्ज’ हे बटण बऱ्याचदा फिकं असतं. फिकं बटण म्हणजे बिघाड नव्हे, तुमच्या ड्रायव्हरला ती पट्टी लागतच नाही.

एवढं करूनही ओळ ‘डिसेबल्ड’ राहिली तर रजिस्ट्री, म्हणजे विंडोजची सगळ्या सेटिंग्जची वही. इथे घाई नको. रेजएडिट उघडा आणि काही बदलण्याआधी फाइल, एक्सपोर्ट करून प्रत ठेवा. लोकल मशीनच्या झाडात सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, डायरेक्टड्रॉ इथे ‘इम्युलेशनओन्ली’ नावाची नोंद १ असेल तर ० करा. तशीच मायक्रोसॉफ्टखाली डायरेक्टथ्रीडी, ड्रायव्हर्स इथे ‘सॉफ्टवेअरओन्ली’ असेल तर तीही ०. नावं अर्थातच इंग्रजीत दिसतील. ६४ बिट विंडोजवर हीच झाडं ‘वाउ६४३२नोड’ या फांदीखाली पुन्हा असतात, तिथेही बघा. नोंदी नसतील तर चांगलंच, नवीन बनवू नका.

ब्राउझर आणि सॉफ्टवेअरची स्वतःची कुलपं

विंडोज हो म्हणालं तरी क्रोम नाही म्हणू शकतो. पत्त्याच्या पट्टीत इंग्रजीत क्रोम, कोलन, दोन तिरक्या रेघा आणि जीपीयू असं लिहा. प्रत्येक सोयीपुढे ‘हार्डवेअर ॲक्सिलरेटेड’ हिरव्यात किंवा ‘सॉफ्टवेअर ओन्ली’ वेगळ्या रंगात दिसेल. सेटिंग्जमध्ये ‘सिस्टिम’खाली ग्राफिक्स ॲक्सिलरेशनचं बटण चालू करून क्रोम बंद करून उघडा. तरीही नकार असेल तर तुमच्या कार्डाचा ड्रायव्हर क्रोमने भरवशाचा नाही म्हणून यादीत टाकलेला असतो. फायरफॉक्समध्ये हे ‘जनरल’च्या तळाशी ‘परफॉर्मन्स’खाली आहे. फोटोशॉप आणि ऑटोकॅड यांच्यातही ग्राफिक्सचा स्वतंत्र पर्याय असतो. ड्रायव्हर बदलल्यावर तो एकदा तपासून घ्या. फोटोशॉप एकदा बिनसलं की ती खूण स्वतःच काढून ठेवतं.

कार्डाला येतच नाही तेव्हा

मघाच्या तपासणीत पहिल्या पानावर ‘डायरेक्टएक्स १२’ (विंडोजची ग्राफिक्स हाताळणारी यंत्रणा) दिसतं आणि लोक खूश होतात. ती विंडोजची आवृत्ती. कार्डाची लायकी ‘डिस्प्ले’ टॅबमधल्या ‘फीचर लेव्हल्स’ या ओळीत असते. तिथे सर्वांत मोठा आकडा १०_० असेल तर ११ मागणारं सॉफ्टवेअर चालणार नाही, मग तुम्ही कितीही ड्रायव्हर घासा. विंडोज १० मधलं ‘हार्डवेअर ॲक्सिलरेटेड जीपीयू शेड्युलिंग’ही तसंच, जुन्या कार्डावर तो पर्याय दिसतच नाही, तो शोधत बसू नका.

काकांच्या नाटकाचं असंच होतं. यूट्यूब हल्ली व्हिडिओ व्हीपी९ किंवा एव्ही१ या पद्धतीने पाठवतं. काकांच्या जीटी ६१० ला एच.२६४ ही जुनी पद्धत उलगडता येते, व्हीपी९ नाही. मग ते काम पुन्हा प्रोसेसरच्या गळ्यात पडतं. यावर उपाय म्हणजे ब्राउझरमध्ये एच२६४इफाय नावाचं छोटं एक्स्टेन्शन, जे यूट्यूबकडून एच.२६४ मागवतं. ते टाकलं, ७२० वर ठेवलं आणि पात्रं संवादाबरोबर चालू लागली.

लॅमिंग्टन रोडला जाण्याआधी

अजून शंका असेल तर कार्ड खरंच मेलंय का याची एक फुकट परीक्षा आहे. पेनड्राइव्हवर लिनक्स मिंट टाका आणि त्यावरूनच कॉम्प्युटर सुरू करा, हार्डडिस्कला हात लावू नका. तिथल्या सिस्टिम इन्फोमध्ये कार्डाचं नाव आलं आणि खिडक्या सफाईने हलल्या तर कार्ड जिवंत आहे, दुखणं विंडोजचं. ‘एलएलव्हीएमपाइप’ असं नाव दिसलं तर चित्र प्रोसेसर काढतोय. सुरू करताना ‘कंपॅटिबिलिटी मोड’ निवडला असेल तर मात्र ते दिसणारच, साध्या मोडने परत बघा. आणि पडद्यावर रंगीत चौकटी, उभे पट्टे दोन्हीकडे सारखेच येत असतील तर कार्ड गेलं.

तेव्हाच लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारासाठी ग्रँट रोड स्टेशनला पूर्वेला उतरा. अख्खा डबा गर्दीच्या लोकलमध्ये घेऊन जाऊ नका. नुसतं कार्ड अँटिस्टॅटिक पिशवीत घालून न्या आणि मदरबोर्डचा, एसएमपीएसच्या लेबलचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. लेबलवर मोठ्या अक्षरांतल्या वॅटपेक्षा १२ व्होल्टच्या ओळीतला आकडा बघायचा असतो. जुन्या, बेताच्या एसएमपीएसवर जीटी ७१० सारखं कार्ड बरं, ते १९ वॅटमध्ये भागवतं आणि वेगळी वायर मागत नाही. पण त्याच्याकडून खेळांची अपेक्षा नको. सेकंडहँड घेताना दुकानातच लावून जीपीयू-झेड चालवायला सांगा. जुन्या कार्डाचं बायोस बदलून मोठ्या नावाने विकण्याचे प्रकार होतात, अशा बऱ्याच कार्डांच्या नावाआधी जीपीयू-झेड ‘फेक’ असं लिहून दाखवतं. दुकानदार चालवून दाखवायला कुरकुरला तर शेजारचं दुकान दोन पावलांवर आहे.

काम झालं की एक चिठ्ठी लिहा: कार्डाचं नाव, चिपचं नाव, चाललेल्या ड्रायव्हरचा आकडा, सेल कधी बदलला ती तारीख. कॅबिनेटच्या पत्र्याला आतून चिकटवा. काकांच्या डब्यात मी तशी लावली आहे आणि मागच्या आडव्या पट्टीला नेलपॉलिशचा लाल ठिपका दिलाय. काकूंना सांगितलंय, वायर त्या ठिपक्यापाशीच.